टोरांटोत पत्ता मिळेपर्यंत

टोरांटोला शनिवारी उतरू नका. निदान सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तरी नकोच. आम्ही २ सप्टेंबर २०२३ ला उतरलो. तिकीट स्वस्त पडलं म्हणून खूश होतो. सोमवारी लेबर डे, म्हणजे सरकारी कचेऱ्या, बँका सगळं बंद. पहिले तीन दिवस नवऱ्याच्या कॉलेजातल्या मित्राच्या मिसिसॉगाच्या फ्लॅटमध्ये दुपारी झोपायचं आणि रात्री दोन वाजता टक्क जागं व्हायचं, एवढंच काम होतं.

त्या तीन दिवसांत मला वाटत होतं की अवघड ते संपलं. पीआरची, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या परवान्याची फाइल, मेडिकल, पोलिस व्हेरिफिकेशन, बँकेत दाखवायचे पैसे, या सगळ्यात दीड वर्ष गेलं होतं. विमानतळावर अधिकाऱ्याने चार प्रश्न विचारले, कागदावर सही घेतली आणि 'वेलकम टू कॅनडा' म्हणाला. दागिन्यांची आणि मागून येणाऱ्या सामानाची यादी मी फोटोंसकट दोन प्रतींत करून नेली होती, तिच्यावर शिक्का मिळाला. (ही यादी कराच. मंगळसूत्र, पाटल्या, आईने दिलेली ठुशी, सगळं लिहा. पुढे तेच दागिने भारतात नेऊन परत आणलेत की 'हे या खेपेला तिकडे विकत घेतलेलं नाही' हे इथल्या कस्टमला सांगायला तोच कागद लागतो.) एवढं झालं आणि वाटलं, सुटलो.

मग मंगळवार उजाडला.

सर्व्हिस कॅनडा या सरकारी कचेरीच्या रांगेत दोन तास चाळीस मिनिटं गेली, पण सिन नंबर तिथेच हातात मिळाला. इथे नोकरी करायला, बँकेत, करासाठी, सगळीकडे हा नऊ आकडी नंबर लागतो. बँकेतलं खातंही त्याच दिवशी उघडलं. बँकेतल्या मुलीने एक हजार डॉलर मर्यादेचं क्रेडिट कार्ड देऊ केलं. आम्ही दोघेही कर्जाला घाबरणाऱ्या घरांतले, नको म्हणणार होतो. मित्राने टेबलाखालून पाय मारला. घरी आल्यावर त्याने समजावलं की इथे ज्याने कधीच उधार घेतलं नाही तो माणूस सज्जन नसतो, तो नुसता अनोळखी असतो. कार्ड घ्या, महिन्याचा भाजीपाला त्यावर घ्या, बिल आलं की पूर्ण फेडा. ते ऐकलं हे बरं झालं, ते का ते पुढे येईलच.

त्यानंतर मात्र प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न: पत्ता काय?

ऑन्टारियो प्रांताचं आरोग्य कार्ड, म्हणजे ओहिप, काढायचं तर इथे राहत असल्याचा पुरावा हवा. लेकीला शाळेत घालायचं तर भाडेकरार हवा, कारण शाळा पत्त्यावरून ठरते. पीआर कार्ड पोस्टाने येणार, तर कायमचा पत्ता कळवा, आणि तोही १८० दिवसांच्या आत. मित्राच्या पत्त्यावर काही कामं झाली असती, पण तो राहायचा मिसिसॉगात आणि आम्हाला घर हवं होतं टोरांटोत. शहर वेगळं, शाळांचं बोर्ड वेगळं. 'कशाला दोनदा शाळा बदलायची' म्हणून लेकीला पाच आठवडे घरी बसवलं. हा आमचा चुकीचा निर्णय. सात वर्षांच्या मुलीने महिनाभर खिडकीतून हायवेवरचे ट्रक मोजले. त्यापेक्षा तिने तिथल्या शाळेत चार मैत्रिणी केल्या असत्या आणि सोडल्या असत्या तरी चाललं असतं.

घर शोधणं ही मात्र वेगळीच परीक्षा. तीन आठवड्यांत अकरा घरं पाहिली. टोरांटोत एका बेडरूमच्या फ्लॅटला तेव्हा अडीच हजार डॉलरच्या आसपास भाडं होतं. डॉलर साधारण एकसष्ट रुपयांना. मी पहिले काही दिवस प्रत्येक आकड्याला मनात एकसष्टने गुणायचे आणि मग जेवण जायचं नाही. (गुणाकार जितक्या लवकर बंद कराल तितकं बरं. मला पाच महिने लागले. कोथिंबिरीच्या बाबतीत अजून बंद झालेला नाही.)

घर आवडायचं, अर्ज भरायचो, मग विचारणा यायची: नोकरीचं पत्र? नाही. क्रेडिट स्कोअर? नाही. इथल्या आधीच्या घरमालकाचा संदर्भ? नाही. एकाने सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं, दुसऱ्याने वर 'मोडतोडीचं डिपॉझिट'. एका जाहिरातीतलं घर इतकं छान आणि इतकं स्वस्त होतं की नवरा लगेच पैसे पाठवायला निघाला. मालक म्हणे परदेशात, किल्ली कुरिअरने येईल, आधी दोन हजार पाठवा. मित्राने फोन हातातून काढून घेतला. इथे ई-ट्रान्सफर एकदा समोरच्याच्या खात्यात जमा झाली की परत येत नाही. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका.

नियम असा आहे, आणि तो मी आता कुणी न विचारताही सांगते: ऑन्टारियोत घरमालक पहिल्या महिन्याचं भाडं आणि जास्तीत जास्त एका महिन्याचं डिपॉझिट घेऊ शकतो. ते डिपॉझिट शेवटच्या महिन्याच्या भाड्यातच वळतं करायचं. मोडतोडीचं डिपॉझिट कायद्यात बसत नाही. किल्लीचं घेतलं तर किल्ली दिल्यावर परत. आणि २०१८ पासून करार सरकारने ठरवून दिलेल्या नमुन्यावरच करायचा असतो. हे सगळं आम्हाला माहीत होतं. माहीत असून, वाद घातला तर घर जाईल म्हणून प्रत्येक वेळी गप्पही बसलो. घर नसलेल्या माणसाला कायदा पाठ असून फार उपयोग होत नाही.

बारावं घर ईस्ट यॉर्कमधलं. कॉक्सवेल स्टेशनवरून ७० नंबरची ओकॉनर बस पकडायची. महायुद्धानंतर बांधलेली छोटी छोटी विटांची घरं, पुढे एक झाड, मागे परसू. मालकीण ऐंशीच्या घरातल्या ग्रीक आजी. वर त्या एकट्या, खाली बेसमेंट भाड्याने: दोन खोल्या, स्वयंपाकाचा कोपरा, सामाईक कपडे धुण्याचं यंत्र. भाडं २०५० डॉलर. बोलणी त्यांची मुलगी करत होती, आजी बाजूला बसून आमच्या पायांकडे बघत होत्या. आम्ही सवयीने चपला दाराबाहेर काढल्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "तळण करता?"

मुलगी ओशाळली. ग्रीकमध्ये काहीतरी पुटपुटली. मी खरं ते सांगितलं, "सणाला करतो."

"सणाला मीही करते," आजी म्हणाल्या. आणि घर मिळालं.

क्रेडिट स्कोअर त्यांनी विचारलाच नाही. १ ऑक्टोबर २०२३ ला ४१०० डॉलर भरून आत आलो, म्हणजे अडीच लाख रुपये. (गुणाकार चालू होता.) त्याआधी गणपती येऊन गेले होते, १९ सप्टेंबरला. मित्राच्या फ्लॅटमध्ये शाडूची बोटभर मूर्ती, आणि विसर्जन बादलीत. लेकीने विचारलं, "बाप्पाला आपला पत्ता कळला का?" घरातसुद्धा तोच विषय.

पुढे आठवडाभरात सगळं भराभर झालं. ३ ऑक्टोबरला सर्व्हिस ऑन्टारियोत ओहिपचा अर्ज: पीआरचा कागद, पासपोर्ट, भाडेकरार. पूर्वी नव्या माणसाला तीन महिने थांबावं लागायचं, तो नियम २०२० मध्ये निघाला. कार्ड पाच आठवड्यांनी पोस्टाने आलं. ५ ऑक्टोबरला शाळा. वाचनालयाचं कार्ड फुकट, आणि टोरांटोत वाचनालयाच्या शंभर शाखा आहेत. हिवाळ्यात ऊब, वायफाय, प्रिंटर, लेकीसाठी पुस्तकं आणि कुणीही 'काय घेणार?' न विचारणारी बसायची जागा. नोकरी नसताना मला या शहरात सगळ्यात जास्त आधार कशाचा वाटला असेल तर वाचनालयाचा.

शाळेच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. डब्यात काय होतं? साबुदाण्याची खिचडी. त्यात काय होतं? मी सांगत गेले आणि 'पीनट' म्हटल्याबरोबर पलीकडे शांतता. वर्गात एका मुलाला शेंगदाण्याची जबर ॲलर्जी होती आणि शाळेत शेंगदाणा आणायला बंदी होती. पत्रक आलं होतं, ते मी न वाचता फाइलला लावलं होतं. कुणाला काही झालं नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ओट्यापाशी उभी राहिले आणि लक्षात आलं की आमच्या घरात कूट पडत नाही असा पदार्थच नाही. भरली वांगी, कोशिंबीर, आमटी, चटणी. तेव्हापासून डब्यासाठी सूर्यफुलाच्या बिया भाजून त्यांचा कूट करते. रंग जरा हिरवट येतो, चव शंभरातली सत्तर. घरी खायला शेंगदाणा आहेच, पण खलबत्ता आणि डबा वेगळा ठेवला.

लसीकरणाचं सांगून टाकते. आपलं कार्ड शाळेला द्यावं लागतं आणि इथे कांजिण्या आणि मेंदूज्वराची (मेनिंगोकोकल) लस सक्तीची आहे. आपल्या सरकारी वेळापत्रकात त्या नाहीत. जानेवारीत 'लसी अपुऱ्या, पूर्ण करा, नाहीतर शाळेतून तात्पुरतं काढू' असं पत्र आलं. शहराच्या आरोग्य विभागाच्या केंद्रात दोन्ही फुकट मिळाल्या. निघण्याआधी भारतातच घेऊन नोंद करून आणल्या असत्या तर पत्र वाचून छातीत धस्स झालं नसतं.

नोकरीचा भाग लांबवत नाही, कारण प्रत्येकाचा वेगळा असतो. नवऱ्याने ऑक्टोबरपासून रात्रपाळीला गोदामात काम केलं, तासाला १६ डॉलर ५५ सेंट, तेव्हाचं किमान वेतन. पुण्यात तो नऊ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होता. पहिल्या रात्रीनंतर आला आणि बूट न काढता पायरीवर बसून राहिला. मी चहा केला, दोघेही काही बोललो नाही. त्याला त्याचं काम जानेवारीत मिळालं, मला हिशेबाचं काम मार्चमध्ये. मधल्या काळात 'कॅनडाचा अनुभव आहे का?' हे इतक्यांदा ऐकलं की लेक आरशासमोर उभी राहून माझी नक्कल करायला लागली. आता ऑन्टारियोत कायदा झालाय: १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातीत तो अनुभव मागायला बंदी. मुलाखतीत मनातल्या मनात मागतीलच, पण निदान छापता येणार नाही. नव्या लोकांसाठी सरकारी पैशावर चालणारी मदत केंद्रं आहेत. तिथे बायोडेटा इथल्या पद्धतीचा करून देतात, म्हणजे फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव सगळं उडवतात. फुकट आहे, जा.

५ नोव्हेंबरला घड्याळं एक तास मागे गेली आणि संध्याकाळी पाचला अंधार. डिसेंबरात पावणेपाचलाच. बेसमेंटला खिडक्या छताला लागून, अर्ध्या हाताच्या, बाहेरून पाहिलं तर जमिनीच्या पातळीवर. आम्हाला जग घोट्यापासून खाली दिसायचं: टपालवाल्याचे बूट, आजींच्या लोकरी सपाता, कुत्र्यांचे पाय. एका रात्री भांडी घासताना वर बघितलं तर काचेला नाक लावून एक रकून माझ्याकडे बघत होता. डोळ्यांभोवती काळी पट्टी, पुढचे पंजे अगदी माणसाच्या हातांसारखे काचेवर टेकलेले. मी किंचाळले. तो हलला नाही. त्याला माझ्यात रस नव्हता, आमच्या हिरव्या डब्यात होता.

ओला कचरा हिरव्या डब्यात, पुठ्ठा-प्लॅस्टिक निळ्यात, उरलेला काळ्यात. हिरवा दर आठवड्याला नेतात, बाकीचे दोन आलटून पालटून. २०१६ पासून शहराने रकूनला उघडता येऊ नये म्हणून फिरत्या कडीचे हिरवे डबे वाटलेत. कडी आडवी फिरवून बंद केली तर. मी केली नव्हती. सकाळी अख्ख्या परसात आमच्या चहाचा चोथा, केळ्यांच्या साली आणि कढीपत्त्याच्या काड्या. आजी झाडू घेऊन बाहेर आल्या, काही बोलल्या नाहीत, कडी तीन वेळा फिरवून दाखवली. चौथ्यांदा माझ्याकडून फिरवून घेतली.

थंडीबद्दल सगळे घाबरवतात, पण उणे पंधरा अंश सहन होतात. कपडे लागतात एवढंच. भारतातून जाड जॅकेट आणू नका, ते इथे नोव्हेंबरातच हरतं. आम्ही तिघांची जॅकेटं, बूट, हातमोजे आणि लेकीची बर्फाची विजार मिळून ६४० डॉलर खर्च केले, त्यातलं अर्धं वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून. बूट मात्र नवे घ्या. रस्त्यावर मीठ टाकतात, ते बुटांवर पांढरं चढतं आणि चामडं खातं. शाळेत मधल्या सुट्टीत मुलांना बर्फातही बाहेर सोडतात, तेव्हा सुके मोज्यांचे दोन जोड दप्तरात असू द्या. सहन झाला नाही तो अंधार. पहिल्या मोठ्या बर्फात खिडक्या बुजल्या आणि सकाळी आठ वाजता खोलीत निळसर, विहिरीत असल्यासारखा उजेड. मी चिपळूणची. चार महिने सूर्य न दिसण्याची मला सवय आहे असं वाटत होतं. पण तिथे निदान आवाज असतो, पागोळ्या, बेडूक, कौलांवरचा पाऊस. बर्फ पडताना काहीच ऐकू येत नाही.

आणखी एक. घर तापवायची कळ वर आजींकडे. त्या ती कमी ठेवायच्या, बिलाच्या भीतीने. खाली आम्ही स्वेटर घालून झोपायचो. शहराचा नियम आहे की हिवाळ्यात भाड्याच्या घरात किमान २१ अंश ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. तक्रार शहराच्या ३११ या फोन नंबरवर करता येते. मी तक्रार केली नाही. दहा डॉलरचं थर्मामीटर आणलं, १७ दाखवणारा फोटो काढला आणि आजींच्या मुलीला पाठवला. संध्याकाळपर्यंत २१ झाले.

फेब्रुवारीत लेकीला १०३ ताप. इथे आजारपणात पहिला धडा असा की ओहिप कार्ड असणं आणि डॉक्टर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॅमिली डॉक्टर नवीन पेशंट घेत नव्हते. मी डिसेंबरातच हेल्थ केअर कनेक्ट या, फॅमिली डॉक्टर मिळवून देणाऱ्या सरकारी यादीत नाव घातलं होतं, त्यांनी अजून काही कळवलं नव्हतं. वॉक-इन, म्हणजे आधी वेळ न घेता जायच्या दवाखान्यात सकाळी साडेदहालाच 'आज भरलं'. ८११ ला फोन केला की रात्रंदिवस नर्स बोलते, तिने शांतपणे पंधरा प्रश्न विचारून इस्पितळात जायला सांगितलं. तिथे सात तास बसलो. चिपळुणात आमचे डॉक्टर पाच मिनिटांत तपासतात, वर आजोबांची चौकशी करतात. इथे पाचव्या तासाला मी रडले, सातव्याला डॉक्टर आले, वीस मिनिटं नीट तपासलं, न्यूमोनियाची सुरुवात निघाली. बिल शून्य. औषधंही शून्य, कारण खाजगी विमा नसलेल्या २४ वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना ऑन्टारियोत बहुतेक औषधं फुकट असतात. जाताना डबा, पाणी, चार्जर आणि मुलासाठी चित्रांचं पुस्तक न्या. तुमच्या आधी आलेला मागे राहतो आणि नंतर आलेला पुढे जातो, तेव्हा चिडू नका. त्याचं काहीतरी जास्त गंभीर असतं.

८ एप्रिलला सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा शहराला अगदी चाटून, नायगाऱ्यावरून गेला. शाळेने सुट्टी दिली. आभाळ पूर्ण झाकलेलं, सूर्य दिसलाच नाही, दुपारी सव्वातीनला नुसता अंधार उतरला आणि परत गेला. आजी अंगणात उभ्या राहून क्रूसाची खूण करत होत्या. आईचा चिपळुणातून फोन, "लेकराला बाहेर काढू नकोस." तोपर्यंत लेक बाहेर नाचून आली होती.

मग जुलै.

१६ जुलै २०२४, मंगळवार. सकाळपासून पाऊस. मी कामावर, डाउनटाउनला. सहकारी खिडकीशी गोळा होऊन 'ओ माय गॉड' करत होते, आणि मला आतून जरा हसू येत होतं. विमानतळावर त्या दिवशी जवळजवळ ९८ मिलिमीटर पाऊस पडला. चिपळूणला जुलैत शंभर मिलिमीटर म्हणजे छत्री घेऊन बाजारात जायचा दिवस. नवरा घरून काम करत होता. साडेअकराला त्याचा फोन: "कपडे धुण्याच्या खोलीतून आवाज येतोय."

पाणी खिडकीतून आलं नाही. जमिनीतल्या मोरीतून वर आलं. रस्त्याखालचं गटार भरलं की ते घराच्या दिशेने उलटं चढतं. त्याने व्हिडिओ लावला तेव्हा मोरीची जाळी चहाच्या गाळण्यासारखी खदखदत होती आणि चॉकलेटी पाणी फरशीवर पसरत होतं. मी ते ओळखलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घराच्या दुसऱ्या पायरीवर, मग तिसऱ्या पायरीवर आलं होतं, तेव्हाचा वास मला फोनमधून आला असं वाटलं. मी एवढंच म्हणाले, "मेन स्विच बंद कर. पाण्यात पाय घालू नकोस. आजींना हाक मार."

युनियन स्टेशनातही पाणी शिरलं होतं, डॉन व्हॅलीतला महामार्ग नदीखाली. घरी पोचायला मला अडीच तास लागले. पाणी घोट्याच्या वर होतं. गालिचा, पुठ्ठ्याच्या खोक्यांतली पुस्तकं, गादी, खाली ठेवलेल्या दोन बॅगा आणि त्यातल्या साड्या, सगळं गेलं. कागद मात्र एकही भिजला नाही. पासपोर्ट, पीआरचा कागद, लग्नाचं प्रमाणपत्र, लेकीचा जन्मदाखला, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मी पहिल्याच दिवशी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं होतं. नवरा तेव्हा हसला होता. तो सोलापूरचा आहे.

विम्याचं नीट वाचा. भाडेकरूचा विमा आम्ही घेतला होता, महिना २८ डॉलर. चौथ्या दिवशी उत्तर आलं: गटाराचं पाणी उलटं येऊन झालेलं नुकसान या पॉलिसीत नाही, त्यासाठी 'सीवर बॅकअप'ची वेगळी जोड घ्यावी लागते. महिन्याला सहा-सात डॉलर जास्त पडले असते. आमचं सुमारे २३०० डॉलरचं नुकसान झालं, मिळालं शून्य. बेसमेंटात राहत असाल तर आज फोन करून ती जोड घ्या. घर बघायला जाल तेव्हा मोरीत उलट पाणी रोखणारी झडप बसवली आहे का, हेही विचारा. शहर घरमालकांना त्यासाठी अनुदान देतं, तेव्हा एकूण ३४०० डॉलरपर्यंत मिळायचं. आजींना ते माहीत नव्हतं. त्यांच्या मुलीला मी अर्ज शोधून दिला, ऑक्टोबरात झडप बसली.

भिंतींचा खालचा दोन फुटांचा पट्टा कापून, यंत्रं लावून सगळं वाळवायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस आम्ही वर राहिलो, आजींच्या बैठकीच्या खोलीत. हॉटेलचा विषय काढला तर त्या भडकल्याच. पहिल्या रात्री त्यांनी पांढऱ्या घेवड्याचं सार वाढलं, फासोलाडा म्हणतात. गाजर, सेलरी, टोमॅटो, ऑलिव्ह तेल. मांस नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं. पावट्याच्या आमटीला फोडणी द्यायची राहून गेली तर लागेल तसं लागलं. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, फोडणी देऊ का? हिंग त्यांना अजिबात आवडला नाही. जिरं चाललं. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतः काढली कढई आणि वांग्याचे काप तळले. सण कुठला होता कुणास ठाऊक.

ऑगस्टचं भाडं मुलीने निम्मं घेतलं. नसतं घेतलं तर भाडेकरूंच्या ट्रिब्युनलकडे अर्ज करता येतो. आम्हाला ती वेळ आली नाही. पण लेक पाऊस आला की झोपेना. मोरीवर उशी ठेवून यायची. म्हणून ३० ऑगस्टला एन-९ फॉर्म भरून साठ दिवसांची नोटीस दिली, ३१ ऑक्टोबरला सोडतो म्हणून. (दिवस मोजून द्या. नोटीस भाड्याच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच संपावी लागते.) ऑक्टोबरचं भाडं डिपॉझिटातून वळतं झालं. त्या डिपॉझिटावर मालकाने वर्षाला व्याज द्यायचं असतं, भाडेवाढीच्या सरकारी दराइतकं, त्या वर्षी अडीच टक्के. म्हणजे ५१ डॉलर २५ सेंट. मी मागणार नव्हते. आजींनी निघायच्या दिवशी पाकिटात घालून दिले, पंचवीस सेंटच्या नाण्यासकट.

दुसरं घर दोन दिवसांत मिळालं. तेरा महिने ते क्रेडिट कार्ड भाजीला वापरून फेडलं होतं, स्कोअर सव्वासातशेच्या वर. नोकरीची दोन पत्रं, आजींच्या मुलीचं शिफारसपत्र. व्हिक्टोरिया पार्क स्टेशनजवळ जुन्या इमारतीत चौथा मजला, भाडं २२८०. जुनी इमारत मुद्दाम घेतली. १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना भाडेवाढीची सरकारी मर्यादा लागू नाही, ही माहिती घर बघताना कुणी आपणहून देत नाही. सामान हलवायला लिफ्ट आधी आरक्षित करावी लागते, हे आम्हाला सोफा दारात आल्यावर कळलं.

आणि मग पुन्हा पत्ता. ओहिप, बँक, कर खातं, शाळा, लायसन्स, विमा. पोस्टाला पैसे भरून जुन्या पत्त्याची टपालं चार महिने नव्यावर वळवून घेतली. चार महिने पुरतील असं वाटलं. ती मुदत फेब्रुवारीअखेर संपली.

११ मार्च २०२५ ला आजींचा फोन. त्या फोनवर कधीच 'हॅलो' म्हणत नाहीत. "गव्हर्न्मेंटचं पत्र. तुझं नाव. ये."

मी संध्याकाळी गेले, मेट्रोने कॉक्सवेल, मग ७० नंबर. ईस्टरआधीचा त्यांचा उपास चालू होता, दूध-अंडी सगळं बंद. टेबलावर पत्र आणि शेजारी दह्याच्या रिकाम्या डब्यात काहीतरी बांधून ठेवलेलं. "हलवा," त्या म्हणाल्या. तिळाचा होता, पांढरट, भुसभुशीत. माझ्या डोळ्यांसमोर दुसराच हलवा आला, पण मी काही बोलले नाही.

पत्र बसमध्ये उघडलं. पंधरा महिन्यांपूर्वी नाव घातलं होतं ते: तुमच्या पत्त्याजवळ फॅमिली डॉक्टर उपलब्ध झाला आहे. दवाखाना आजींच्या घरापासून चार गल्ल्या. लेकीला घेऊन शनिवारी जायचंय, एक मेट्रो आणि एक बस. डबा परत द्यायचा आहेच.